पेरू आणि खार: झाडावर जाळी की फळाला पिंजरा?

पेरू गाभुळला की पहिला घास खारीचा. शेजारच्या काकू दोन उपायांत अडकल्यात: अख्ख्या झाडावर नायलॉनची जाळी, की एकेका फळाभोवती तारेच्या जाळीचं नळकांडं?

नायलॉन स्वस्त. पण खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडणं तिला भागच असतं. नायलॉन ती सहज तोडते, उरलेलं उन्हानं ठिसूळ होतं. तारेपुढे तिचे दात चालत नाहीत. कोकणातल्या खाऱ्या हवेत मात्र गंज लवकर चढतो.

तारेचं काम किचकट. फळ लिंबाएवढं झालं की शिडी लावून एकेक गुंडाळा, भोकं अर्ध्या इंचाहून बारीक, देठाशी तोंड घट्ट. फळमाशी तरीही आत जाते, म्हणून आधी कागदी पिशवी.

माझ्या लेखी खरा प्रश्न जिवांचा. सैल नायलॉनमध्ये बुलबुल अडकतो, जमिनीवर लोळणाऱ्या कडेत धामण. मग सर्पमित्राला फोन. फुलोऱ्यात टाकली तर मधमाश्याही अडतात.

झाड ठेंगणं, जाळी ताणून बसवलेली आणि रोज बघणारं कुणी असेल, तर नायलॉन चालेल. झाड उंच किंवा सापांची ये-जा असेल तर तारच, तीही हाताला येतील तेवढ्याच फळांना. शेंड्यावरची खारी-पोपटांना सोडा.