ईबी गॅरामंड इटॅलिक: आठ महिने, एक पुस्तक आणि तो एफ

छापखान्यातून फोन आला. "ताई, इटॅलिक जरा वेगळं दिसतंय, चालेल ना?" मी हातातली गवार तशीच टाकून प्रूफ बघायला गेले. संदर्भसूचीतलं प्रत्येक इंग्रजी पुस्तकाचं नाव वाऱ्यानं कलल्यासारखं! लहान 'ए'च्या डोक्यावर छत्री होती, तिथेच चोरी कळली. खऱ्या इटॅलिकात, म्हणजे मुळातच तिरप्या वळणानं काढलेल्या अक्षरांत, 'ए' साधा, एका वाटोळ्याचा असतो आणि 'एफ'ची शेपटी ओळीखाली उतरते. त्यांच्या कॉम्प्युटरवर रोमनची, म्हणजे सरळ अक्षरांची, एकच फाइल होती. इटॅलिकची फाइल वेगळी असते. ती नसेल तर वर्ड रोमनलाच ढकलून तिरपं करतो आणि चकार शब्द काढत नाही. मी पीडीएफ न देता घाईत वर्ड फाइल दिली होती, म्हणजे अर्धी चूक माझी. तरी दुसऱ्या प्रूफाचे पैसे त्यांनी माझ्याकडूनच घेतले.

ईबी गॅरामंड हा इंग्रजी अक्षरांचा फाँट फुकट आहे, त्यात पुस्तक छापायला, विकायला परवाना मुक्त. फुकट ते पौष्टिक म्हणून घेतला, हे कबूल. काम होतं 1972च्या दुष्काळावरच्या प्रबंधाचं पुस्तक करण्याचं. मजकूर मराठी, पण संदर्भसूची जवळपास सगळी इंग्रजी.

पहिला महिना मी याला नावंच ठेवली. टाइम्स न्यू रोमन या नेहमीच्या फाँटशेजारी बारा पॉइंटला हा दहाचा वाटतो, कारण लहान अक्षरांची उंचीच कमी. इटॅलिक तर अंगानं आणखी बारीक. लेखक म्हणाले, "चश्मा बदलायला लावणार का?" साडेबारावर नेला, ओळींमधली जागा थोडी वाढवली आणि मग पान श्वास घ्यायला लागलं. आता टाइम्सचं इटॅलिक बघितलं की सरकारी अर्ज वाचल्यासारखं वाटतं.

या जोडीतलं रोमन आणि इटॅलिक एका हातचं नाही. नावातले ई आणि बी म्हणजे एगेनोल्फ आणि बेर्नर. फ्रँकफर्टच्या त्यांच्या टाइप ओतण्याच्या कारखान्यानं 1592 साली नमुन्याचं एक पत्रक छापलं. त्यावरचं रोमन अक्षरं कोरणाऱ्या क्लोद गारामाँचं आणि इटॅलिक रोबेर ग्रांजोंचं. गारामाँ तर 1561मध्येच गेला होता. गेऑर्ग डुफनरनं त्या पत्रकावरून हा फाँट उभा केला, पुढे जाड, ठळक अक्षरं ओक्ताव्हिओ पार्दोनं पूर्ण केली. इटॅलिक हे मुळात रोमनचं धाकटं भावंडही नव्हतं. 1501मध्ये व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सिउसनं लॅटिन कवी व्हर्जिलची अख्खी प्रत इटॅलिकात काढली, त्यातली मोठी अक्षरं मात्र सरळ उभी. शब्दावर जोर द्यायला इटॅलिक, ही रीत नंतरची. म्हणून 'ढकललेलं रोमन' बघून माझं डोकं फिरतं. तुम्ही एका माणसाच्या अंगावर दुसऱ्याचा सदरा चढवताय!

आता एफ. या इटॅलिकातल्या एफचा माथा पुढे इतका झुकतो की त्याच्यामागे सरळ कंस किंवा अवतरणचिन्ह आलं की टक्कर होते. एरवी चाललं असतं. पण पुस्तक दुष्काळातल्या मदतकार्याचं, त्यामुळे दर दुसरं शीर्षक 'रिलीफ'वर संपतं आणि लगेच कंस. मी मोजली: 63 टकरा. रिलीफनंच जीव खाल्ला. तीन रात्री एकेक जागा हातानं सरकवली. चौथ्या रात्री इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या ग्रेप स्टाइलमध्ये (ठरावीक अक्षरं शोधून त्यांना आपोआप रूप देणारी सोय) एक नियम सापडला: एफनंतर कंस वा अवतरण आलं की एफला थोडं ट्रॅकिंग, म्हणजे पुढे जरा जास्त जागा. अर्ध्या मिनिटात सगळं सुटलं. लाटेक या मजकूर जुळवायच्या प्रणालीवाल्यांना तर इटॅलिक संपलं की ही फट आपोआप मिळते, हे त्यानंतर कळलं. आणि वर्डमध्ये काम करणार असाल तर लिगेचर, म्हणजे एफ-आयसारखी जोडून काढलेली अक्षरं, चालू आहेत ना ते आधी बघा. जुन्या वर्डमध्ये ती मुळात बंद असायची आणि एफ-आय एकमेकांच्या अंगावर पडायचे.

छापखान्याशी एवढी भांडले, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सूचीतल्या मोजक्या मराठी पुस्तकांच्या नावांवर मीही वर्षानुवर्षं तिरपं करायचं आयचं बटणच दाबत आले होते. देवनागरीला इटॅलिकची परंपराच नाही, त्यामुळे तिथे मिळतं ते बहुधा ढकललेलंच: शिरोरेषा आडवी, काने मात्र पडायला आलेले. मराठी नावं आता एकेरी अवतरणात घालते. दिसायला साधं आहे, पण खोटं नाही.

लग्नपत्रिकेसाठी घ्यावं का, असं एका मैत्रिणीनं विचारलं. घे म्हटलं, त्यातल्या अँपरसँडसाठीच ('आणि'साठीचं & हे चिन्ह) घे. नवरानवरीच्या नावांमध्ये तो एकटाच पत्रिका उचलून धरतो. व्हिजिटिंग कार्डावर सात पॉइंटला मात्र नको, रेषा इतक्या बारीक होतात की फोन नंबर वाचता येत नाही.

आता छापखान्याला फक्त पीडीएफ देते, फाँट आत बसवलेली. पुढचं काम आलंय मुंबईच्या शेरीफपदावरचं, म्हणजे इंग्रजीत शेवटी दोन एफ. कोटेशन देताना पानामागे दहा रुपये वाढवलेत.