कारमधली हवेची गादी: गादी ठीक आहे हो, पण गाडी लावणार कुठे?

५ पैकी साडेतीन स्टार. मागच्या सीटवर पसरायची ही हवेची गादी ऑनलाइन मागवली, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दहा नावांनी जवळपास सारखाच माल मिळतो, त्यामुळे कुठलीही घेतली तरी हे लागू होईल.

लायटर सॉकेटला लावायचा पंप सोबत येतो पण आवाज मिक्सरसारखा, म्हणून धाब्यावर थांबलात की जेवायला बसायच्या आधीच गादी भरून घ्या, मध्यरात्री शेजारच्या ट्रकवाल्याला उठवू नका. खाली दोन वेगळे फुगे असतात, ते पाय ठेवायच्या जागेत बसतात, आधी ते भरायचे नाहीतर मधे झोळी होते आणि सकाळी कंबर धरून उतरावं लागतं. हॅचबॅकमध्ये साडेपाच फुटांवरचा माणूस पाय दुमडूनच झोपणार, त्याला इलाज नाही. नवीन असताना प्लास्टिकचा वास जाम येतो, दोनतीन दिवस गॅलरीत टाकून ठेवा.

आता घरचे सगळ्यात आधी जे विचारतात ते, पोलीस पकडतात का? तर गाडीत झोपणं हा गुन्हा असं मोटार वाहन कायद्यात कुठेही नाहीये. लॉजच्या पार्किंगमध्ये सीट मागे टाकून टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर रोज झोपतात, ट्रकवाले तर केबिनमध्येच संसार करतात, त्यांना कोण विचारतं? कायदा बघतो गाडी कुठे आणि कशी उभी आहे ते. कलम १२२ म्हणतं की सार्वजनिक जागी इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी ठेवायची नाही, म्हणजे हायवेच्या कडेला पार्किंग लाइट लावून झोपलात तर चलान फाटेलच पण त्याहून मोठी भीती म्हणजे मागून येणाऱ्या डुलक्या घेणाऱ्या ट्रकची. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तर झोप आली म्हणून कडेला थांबायचा विचारच नको, फूड मॉलपर्यंत कशीबशी गाडी न्या. आणि कुठेतरी १० तास गाडी बेवारस सोडली तर ती उचलायचा अधिकार कलम १२७ मध्ये आहे, पण तो गाडीत कोणीच नसेल तेव्हाचा, तुम्ही आत घोरत असाल तर आधी काचेवर टकटक होते, लायसन्स आणि आरसी दाखवायची, कुठून आलात कुठे चाललात सांगायचं, वाद घालायचा नाही, विषय संपला.

एसी चालू ठेवून मागे झोपायचं मात्र डोक्यातून काढा. एकतर कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी उभी असताना ड्रायव्हर सीटवर लायसन्सवाला माणूस तरी हवा किंवा इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला तरी हवा, आणि दुसरं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग, बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा भिंतीला चिकटून गाडी असेल तर धूर साचून आत येतो आणि झोपलेल्याला कळतही नाही. त्यापेक्षा दारांना डोअर वायझर लावून घ्या, पावसातही बोटभर काच खाली ठेवता येते, वरून दाराला चढवायची मच्छरदाणी मिळते ती गादीपेक्षा जास्त उपयोगाची आहे असं माझं स्पष्ट मत. पडदे फक्त गाडी उभी असताना, चालू गाडीत पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायला हवा.

दारू घेतली असेल तर? १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असताना गाडी चालवणं किंवा तसा प्रयत्न करणं हा कलम १८५ चा गुन्हा. मागे गादीवर पडलेला माणूस वेगळा आणि चावी लावून स्टिअरिंगसमोर बसलेला वेगळा, पण रात्री दीडला हवालदारसाहेबांना हा फरक समजावत बसायची हौस कोणाला आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, पर्यटन स्थळी उघड्यावर दारू पिणं आणि स्टोव्ह मांडून स्वयंपाक करणं दोन्हीला तिथे दंड आहे, २०१९ पासून. गाडीत झोपून हॉटेलचे पैसे वाचवू असा प्लॅन करणारे नेमके इथेच अडकतात.

मग लावायची कुठे? पेट्रोल पंप किंवा रात्रभर चालू असणारा धाबा, पण मॅनेजरला विचारून, कारण ती खाजगी जागा आहे, नाही म्हणाला तर निघायचं. डिझेल भरलं किंवा जेवलात तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, उजेड असतो, पंपावर टॉयलेट फुकट वापरू द्यायचं असतंच. गणपतीला माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अर्धी रात्र काढून पुढे तसंच दामटण्यापेक्षा पंपावर तीन तास ताणून दिलेली कधीही बरी, त्या एका कामासाठी ही गादी पैसे वसूल आहे. रोजच्या वापराला किंवा आठवडाभराच्या टूरला घेत असाल तर नका घेऊ, पहाटेपर्यंत थोडी हवा उतरतेच.

पंक्चरचे पॅच सोबत येतात ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, डिकीत ठेवले तर भर पावसात उतरून काढावे लागतात.