सिन-बिन की ‘फक्त कर्णधार बोलणार’?

पेठेतल्या फुटबॉल स्पर्धेचं नियोजन करणाऱ्या मित्राने विचारलं, रेफ्रीशी होणारी हुज्जत थांबवायला सिन-बिन (खेळाडूला थोडा वेळ बाहेर बसवण्याची शिक्षा) आणू की फक्त कर्णधारालाच बोलू देऊ?

खर्च दोन्हींत जवळपास शून्य. खरा फरक रेफ्रीवरच्या ताणात आहे. सिन-बिनमध्ये हुज्जतीचं पिवळं कार्ड मिळालेला खेळाडू 10 मिनिटं बाहेर बसतो. इंग्लंडने 2019-20 च्या हंगामापासून तळच्या स्तरावर ते लागू केलं; आधीच्या चाचणीत हुज्जत 38 टक्क्यांनी घटली होती. तेवढा वेळ एक खेळाडू कमी पडल्याने शिक्षा त्याच सामन्यात साऱ्या संघाला सोसावी लागते, म्हणून सोबतीच तापलेल्याला आवरतात. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. पण मैदानाबाहेर वेळ मोजणारं कुणी नसेल तर एकट्या रेफ्रीची तारांबळ उडते.

कर्णधाराचा नियम 2024 च्या युरो स्पर्धेत सगळ्यांनी पाहिला. घोळका टळतो, निर्णय समजावता येतो. गोलरक्षक कर्णधार असेल तर तो लांब गोलपाशी असतो, म्हणून बोलणारा दुसरा खेळाडू आधीच ठरवावा. मात्र कर्णधारच तापट निघाला तर मुसळ केरात.

शालेय स्पर्धा आणि नवखे रेफ्री असतील तर कर्णधाराचा नियम पुरेसा. जुनी खुन्नस असलेल्या मोठ्यांच्या सामन्यांना, मदतनीस मिळत असेल तर, सिन-बिनच.