दाण्याची अ‍ॅलर्जी: घरातून दाणे बंद, की बाळाचं वेगळं?

इंदूरच्या मराठी घरात कूट कोशिंबिरीपासून उपासाच्या खिचडीपर्यंत सगळीकडे. त्यामुळे वेगळा स्वयंपाक वाटतो तितका सोपा नाही.

वेगळं करायचं तर मिक्सरचं भांडं, लाकडी डाव, किसणी आणि डबे स्वतंत्र हवेत. घोळ होतो तो झाकणाच्या रबरी रिंगेत आणि पात्याखालच्या खाचेत. तिथलं कूट नुसत्या विसळण्याने जात नाही. दाणे भाजले तरी त्यातलं प्रथिन टिकतं. बाळाचं आधी शिजवा, कुटाचं नंतर. हात साबणाने धुवा. सॅनिटायझर इथे कुचकामी. शिवाय घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिन उरतं, म्हणून तेही वेगळं ठेवावं लागतं.

दाणे पूर्ण बंद केले तर हा पहारा संपतो. अडतं खिचडीपाशी: कूट ओलावा शोषतं, ते नसलं की साबुदाण्याचा गोळा होतो. म्हणून एक वाटी साबुदाणा धुऊन वर जेमतेम पाणी ठेवा, भिजल्यावर वीस मिनिटं फडक्यावर पसरा, अन् पाव वाटी सुकं खोबरं भाजून भरड घाला. तिळाचं कूट डॉक्टरांना विचारूनच. तिळाचीही अ‍ॅलर्जी असू शकते.

मूल पाचाच्या आत असेल तर आमचं मत सरळ बंदीकडे. रांगतं पोर जमिनीवरचा दाणा उचलतंच. मोठ्यांनी हौस सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भागवावी, घरी येऊन हात-तोंड धुवावं, दात घासावेत, आणि काही तास जाऊन बिनदाण्याचं जेवण झाल्यावरच पोराचा पापा घ्यावा.

बाहेरची शेव-पोहे बाळाला दोन्ही पर्यायांत नाहीच: तेल कुठलं, झारा कुठला, कोण सांगणार?