छापील पाऊच की साधा पाऊच आणि लेबल?

गोडा मसाला किंवा चकली-चिवडा घरून विकणाऱ्या उद्योजिकेसमोर वेष्टनाचे दोन मार्ग असतात: आपल्या नावाने छापून घेतलेले पाऊच, किंवा बाजारात तयार मिळणाऱ्या साध्या पाऊचवर चिकटवलेले लेबल.

छापील पाऊच देखणा दिसतो. मात्र ग्रॅव्हुअर, म्हणजे कोरलेल्या धातूच्या सिलिंडरने छापण्याच्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिलिंडर कोरावा लागत असल्यामुळे तो खर्च हजारो नगांवर विभागला गेला तरच परवडतो. डिजिटल छपाईत सिलिंडर लागत नाही, पण प्रतिनग दर चढा राहतो. त्याहून मोठी अडचण मजकुराची आहे. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ आणि अन्न सुरक्षेचे नियम यांनुसार निव्वळ वजन, किंमत, घटक, पत्ता, शाकाहारी चिन्ह आणि १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो; त्यांपैकी पत्ता जरी बदलला, तरी घरात पडून असलेला छापील साठा अडचणीत येतो.

लेबल मात्र शंभर-दोनशेच्या संख्येतही छापून मिळते आणि एकाच मापाचा पाऊच मसाला, मेतकूट, चटणी अशा सर्वांना चालतो. तेलकट हातांनी साधा कागद डागाळतो, म्हणून प्लास्टिकचा थर दिलेले लेबलच घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाऊचही पारदर्शक नको, कारण उजेडाने तळलेले पदार्थ लवकर खवट होतात.

पाककृती, वजन आणि किंमत स्थिरावेपर्यंत मी लेबलच निवडेन.