दर शनिवारी की जमेल तेव्हा? नोकरी सांभाळून स्वयंसेवेचं काम निवडताना

डोंबिवली ते सीएसएमटी, जलद लोकल मिळाली तर सव्वा तास. जाऊन-येऊन अडीच, रिक्षाची रांग वेगळी. त्यात मुलाची शाळा आणि सासूबाईंची औषधं. असा दिवस असलेली माणसं मला विचारतात, 'तुला वेळ कुठून मिळतो?' मी आधी उलट विचारते, की तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं अडेल? तास त्यानंतर मोजू.

हे शहाणपण मला उशिरा आलं. चार वर्षांपूर्वी घराजवळच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात दर शनिवारी संध्याकाळी दोन तास गणित शिकवायचं मी कबूल केलं. जून-जुलै झकास गेले. सप्टेंबरअखेर ऑफिसात तिमाहीचे हिशेब आले आणि सलग तीन शनिवार दांडी पडली. चौथ्या शनिवारी गेले तर अकरापैकी चारच मुलं. 'ताई, आम्हाला वाटलं तुम्ही सोडलं,' एक मुलगी म्हणाली. अपूर्णांकांचा धडा शब्दशः अर्धवट राहिला होता.

तर पहिला पर्याय हा, दर आठवड्याचा. कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) वर्षाचे १२० तास भरायचे असतात. शनिवारचे दोन तास धरले, सणवार वगळले, तरी शंभराच्या आसपास जातात. म्हणजे नोकरी करून जवळपास एनएसएसच. शिवाय दोन तास हे कागदावरचे. तयारी, जाणं-येणं आणि वर्ग सुटल्यावर दारात रेंगाळणारी मुलं धरून साडेतीन होतात. पण 'छेद समान का करायचा' हे एखाद्याला ऑगस्टमध्ये उमगतं, ते बघायला दर शनिवारीच जावं लागतं. दांडीची किंमत मात्र इथे मोठी.

याच्या अगदी समोरचा पर्याय म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा लेखनिक होणं, म्हणजे परीक्षेत ते सांगतील ती उत्तरं लिहून देणं. वर्षातून तीन-चार पेपर, बाकी मोकळीक. ऐकायला सोपं वाटतं. पण पेपर भर कामाच्या दिवशी असतो आणि तासाला २० मिनिटं जादा मिळत असल्याने तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. अर्ध्या रजेत भागत नाही, पूर्ण सीएल टाकावी लागते. आयत्या वेळी तुम्ही आला नाहीत, तर त्या मुलाचा पेपरच धोक्यात. दांडी एकदाच, पण ती शनिवारच्या तीन दांड्यांपेक्षा भारी.

आणखी एक गोम आहे. दहावी-बारावीच्या बोर्डाला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. म्हणजे तुमची एम.कॉम. इथे आडवी येते! घरात नववीतलं पोर असेल तर ते तुमच्यापेक्षा जास्त कामाचं. विद्यापीठाच्या आणि स्पर्धा परीक्षांचे नियम वेगवेगळे असतात, तेव्हा हो म्हणण्याआधी तुमचं शिक्षण चालेल का ते विचारून घ्या. आणि उत्तर चुकतंय हे दिसत असूनही, सांगितलं तेच लिहायची तयारी ठेवा. मला तेच सगळ्यात जड गेलं असतं. शिकवायची खोड लागलेल्यांनी विचार करावा.

शिक्षण आडवं येत असेल तर त्याच मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करता येतात. रात्री साडेदहाला, पंखा बंद करून, शेजारच्यांची मालिका संपल्यावर. दोन दिवस उशीर झाला तर चालतं, फक्त परीक्षेच्या आधी पोचायला हवं.

ज्यांचं वेळापत्रकच नाही, शिफ्ट आज सकाळची तर उद्या रात्रीची, त्यांनी रक्तपेढीकडे बघावं. पुरुषांना ९० दिवसांनी, बायकांना १२० दिवसांनी रक्त देता येतं. अर्ध्यापाऊण तासाचं काम. प्लेटलेट्सना दीड-दोन तास लागतात, पण त्या ४८ तासांनी पुन्हा देता येतात, वर्षात जास्तीत जास्त २४ वेळा. त्या पाचच दिवस टिकत असल्याने साठा करून ठेवता येत नाही. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी कर्करुग्णांना त्या बारा महिने लागतात. तुम्ही या महिन्यात गेला नाहीत तर तुमच्या नावाने कोणी वाट बघत बसत नाही. एक अट मात्र आधी बघा, हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. मी दोनदा तिथूनच परत आलेय. खजूर सुरू आहेत.

लोकलमध्ये बसायला जागा मिळणाऱ्या भाग्यवंतांसाठी मराठी विकिस्रोत. स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं समोर येतात आणि यंत्राने वाचलेला मजकूर आपण ताडून दुरुस्त करायचा. एकाने तपासलं की पान पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. ठाणे ते दादर एक पान होतं. दांडीचा प्रश्नच नाही. आणि खरं सांगायचं तर म्हणूनच माझं ते तीन महिन्यांत सुटलं.

वर्षभरात मिळणारी रजा एकगठ्ठा घेता येत असेल तर सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहे. बाबा आमट्यांनी ती १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सुरू केली. मे महिन्यातलं विदर्भाचं ऊन, हातात कुदळ. तिथे काम किती होतं यापेक्षा माणसं किती जोडली जातात हे महत्त्वाचं, त्यामुळे विशीतल्या मुलांना मी हीच सुचवते. पन्नाशीतल्या, गुडघे दुखणाऱ्या मावशींना नाही.

माझा कौल असा: पहिल्यांदाच करताय तर रक्तपेढी किंवा रेकॉर्डिंग. सहा महिने टिकलं तर मग शनिवार. आणि शनिवार घेण्याआधी संस्थेला विचारा, की मी आले नाही तर त्या दिवशी तुम्ही काय करता? उत्तर 'वर्ग बंद' असं आलं तर दोघांनी मिळून एक वार घ्या.

मी आता तेच करते. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर या चार महिन्यांचे शेवटचे दोन शनिवार माझे नाहीत, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय. तेव्हा बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू येतात. मुलं त्यांना जाम घाबरतात, आणि पाढे मात्र त्यांच्याकडेच पाठ होतात.