काटो युनिट्रॅक: 762 मिलिमीटरच्या काल्पनिक गाडीसाठी 9 मिलिमीटरचा रूळ

भारतीय गाडीचं मॉडेल करायला बसलं की पहिली ठेच गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, लागते. आपला ब्रॉडगेज 1676 मिमी. 1:87 या एचओ प्रमाणात तो 19.3 मिमी यायला हवा, पण बाजारातला एचओ रूळ 16.5 मिमीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिमीवरून आलाय. त्यामुळे डबा कितीही हुबेहूब बनवला तरी समोरून पाहताना चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. नॅरोगेजचं गणित मात्र आपल्या बाजूने आहे. बार्शी लाइट रेल्वे, पाचोरा-जामनेर, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला, या सगळ्या 762 मिमीच्या होत्या. 762 भागिले 87 म्हणजे 8.76. एन गेज या एचओहून लहान मॉडेल प्रकाराचा 9 मिमी रूळ याच्या इतका जवळ बसतो की फरक डोळ्याला कळत नाही.

म्हणून कमी पैशांत काल्पनिक रेल्वे (जगात नसलेली, पण बार्शीकडे कुठेतरी असू शकली असती अशी) करणाऱ्यांनी काटो या जपानी कंपनीचा एन गेज युनिट्रॅक (खडीच्या पायासकट येणारे, एकमेकांत बसणारे रुळाचे तुकडे) घ्यावा आणि इमारती, माणसं, डबे 1:87 मध्ये करावेत. या परीक्षणातली युनिट्रॅकची पारख याच कामापुरती आहे. सोळा डब्यांची शिंकान्सेन पळवायची असेल तर निकष वेगळे लागतील.

आधी पैशाचं. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. मॉडेल रेल्वे त्याच शीर्षकाखाली येते. त्यामुळे 'सेट घेऊ, उरलेलं नंतर बघू' ही पद्धत इथे महागात पडते. सेटमधला मोठ्या त्रिज्येचा लंबगोल घरातल्या टेबलावर मावत नाही आणि त्याचे वळणाचे तुकडे पडून राहतात. सुटे तुकडे मोजून घ्यावेत. त्यासाठी आराखडा मिलिमीटरमध्ये हवा.

साडेतीन बाय दीड फूट प्लायवर, म्हणजे 1067 बाय 457 मिमीत, बसणारा आराखडा असा. दोन्ही टोकांना आर183-45 चे (183 मिमी त्रिज्या, 45 अंशांचं वळण) चार-चार तुकडे, मिळून आठ. एका लांब बाजूला एस248 (248 मिमीचा सरळ तुकडा), नंबर 4 चा पॉइंट (जिथून रुळाला फाटा फुटतो तो तुकडा) आणि एस124. समोरच्या बाजूला एस248, फीडरचा (रुळाला वीज देणारा) एस62, एस64 आणि एस124. हा एस64 फालतू वाटतो, पण सगळा आराखडा त्याच्यावर उभा आहे. पॉइंट 126 मिमी लांब आहे. समोर 124 चा तुकडा टाकला तर एक बाजू 2 मिमी लांब होते. नवशिके तो फरक सांधे ताणून भागवतात, आणि मग एकाच वळणावर गाडी पुन्हापुन्हा का उतरते ते शोधत बसतात. 62 आणि 64 मिळून बरोबर 126 होतात. दोन्ही बाजू 498, लंबगोल सहज मिटतो, कुठेही जोर लावावा लागत नाही. तुकड्यांच्या मापांमागे केलेला हा विचार युनिट्रॅकची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

खडीच्या प्लास्टिक पायासकट एकूण लांबी साधारण 889 मिमी आणि रुंदी 391. टोकांना नऊ-नऊ सेंटिमीटर, बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर उरतात. पॉइंटचा फाटा आतल्या अंगाला, एस248 च्या दिशेने काढावा. त्याला आर481-15 चा उलटा तुकडा जोडला की सायडिंग (गाडी बाजूला उभी करायचा रूळ) मुख्य मार्गाला समांतर होते आणि दोन रुळांच्या मध्यांतलं अंतर 33 मिमी भरतं. बहुतेक सुटे तुकडे चारच्या पाकिटात येतात. त्यामुळे एस248 आणि एस124 चे दोन-दोन उरतात, त्यातला एस124 चा एक सायडिंगला लागतो. 

आता उणिवा. 183 मिमी त्रिज्या 1:87 मध्ये जेमतेम 16 मीटर होते. खरी नॅरोगेज इतकी वळत नाही, त्यामुळे दोन्ही टोकं खेळण्यासारखी दिसणार हे धरूनच चालावं. एक टोक टेकडीखाली आणि दुसरं बाभळीच्या झाडीमागे लपवावं. आपली नजर स्टेशनच्या सरळ बाजूवर राहते. दुसरी उणीव स्लीपरची. ते एन प्रमाणाचे असल्याने 1:87 च्या डब्याखाली आखूड आणि दाट दिसतात. यावर पेकोचा ओओ-9 (9 मिमी रुळावरच्या नॅरोगेज मॉडेलसाठीचा) फ्लेक्झिबल रूळ दिसायला कितीतरी सरस आहे. त्याचे स्लीपर विरळ आणि ओबडधोबड आहेत. पण त्याला कापणं, सोल्डर करणं, खाली पाया घालणं आलं. पहिल्या बांधणीत वळणावरचा सांधा सरळ सोल्डर करणं बहुतेकांना जमत नाही, आणि रूळच वाकडा असेल तर बाकी सगळं फुकट. टोमिक्सचा फाइन ट्रॅकही चांगला आणि लहान वळणांत मुबलक आहे, पण काटोचा सांधा निखळतो आणि एकटा बदलता येतो, तो फायदा मोठा.

या सांध्याकडे, युनिजॉइनरकडे, नीट लक्ष द्यावं. तुकडे जोडताना एखादा रूळ सांध्याच्या आत न जाता वर चढतो. वरून पाहिलं तर काही कळत नाही. दोन्ही रुळांच्या माथ्यावरून नख फिरवावं. नख अडलं तर सांधा चुकलाय. तो काढून चिमट्याने किंचित दाबून परत बसवावा. गाडी अडखळते, दिवा लुकलुकतो, एकाच जागी चाक उडतं, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं. चाकं तपासायला व्हर्निअर हवा. दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर साधारण 7.4 मिमी भरलं पाहिजे. स्वस्तात घेतलेल्या जुन्या वॅगनमध्ये ते हटकून बिघडलेलं असतं.

नंबर 4 चा पॉइंट लहान जागेत बसतो म्हणून घ्यावा लागतो, पण तो मालिकेतला सगळ्यात नाजूक तुकडा आहे. हलक्या वॅगनचं चाक पात्याच्या (पॉइंटमधल्या सरकत्या रुळाच्या) टोकाला आपटून वर चढू शकतं. बारीक कानस घेऊन पात्याचं टोक वरून आणि आतून निमुळतं करावं, शेजारच्या रुळाला ते पूर्ण चिकटतं का ते भिंगातून पाहावं. चार-पाच हलके हात पुरतात. जास्त घासलं तर पातं वाया जातं. पॉइंटच्या तळाला स्क्रू आहेत. त्यांची जागा बदलून वीज फक्त लावलेल्या मार्गाला द्यायची की दोन्ही मार्गांना, ते ठरवता येतं. इथे पहिला पर्याय निवडावा. पॉइंट मुख्य मार्गाला लावला की सायडिंगमधलं दुसरं इंजिन आपोआप गप्प उभं राहतं, वेगळा स्विच आणि वायरिंग लागत नाही.

पॉइंटची मोटर आतच बसवलेली आहे, दोन वायरींची. काटोचा स्विच आणि त्याला लागणारे जोड घेण्याऐवजी एक साधा टॉगल आणि 2200 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर पुरतो. 12 व्होल्टच्या अडॅप्टरची धन वायर टॉगलच्या एका कडेच्या पायाला लावायची. ऋण वायर दुसऱ्या कडेच्या पायाला आणि तिथूनच पॉइंटच्या एका वायरीला जोडायची. टॉगलच्या मधल्या पायापासून कपॅसिटरचं धन टोक आणि कपॅसिटरच्या ऋण टोकापासून पॉइंटची दुसरी वायर. टॉगल एकीकडे टाकला की कपॅसिटर कॉइलमधून भरतो, दुसरीकडे टाकला की कॉइलमधूनच उलटा रिकामा होतो. पॉइंट दोन्ही वेळा हलतो आणि कॉइलमध्ये वीज क्षणभरच राहते, त्यामुळे ती जळत नाही. साध्या बटणावर थेट 12 व्होल्ट दिले आणि बटण अडकलं, तर मात्र जळते. पॉइंट आळसावला तर कपॅसिटर 4700 चा लावावा.

कंट्रोलरवरही पैसे वाचतात, पण जपून. स्वस्त पीडब्ल्यूएम (वीज ठोक्याठोक्याने देणारा) मोटर कंट्रोलर इथे टाळावा. काटोच्या छोट्या गाड्यांसाठीच्या पॉकेट लाइन चासीच्या (मोटर आणि चाकांच्या तयार सांगाड्याच्या) नव्या आवृत्तीत कोअरलेस मोटर आहे आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या ठोक्यांनी ती तापते. त्यापेक्षा एलएम2596 चं बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारी छोटी पट्टी) घ्यावं, त्याचं इवलंसं प्रीसेट काढून तिथे 10 किलोओहमचा मोठा पोटेन्शियोमीटर लावावा आणि पुढे सहा पायांचा, मध्ये बंद होणारा डीपीडीटी स्विच दिशेसाठी बसवावा. शॉर्ट झालं तर हे मॉड्यूल छोट्या गाडीला सोसणार नाही इतका करंट देऊ शकतं. म्हणून रुळाच्या वायरीत स्कूटरचा 12 व्होल्ट, 10 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकावा. गाडी नीट चालते तेव्हा तो विझलेला किंवा मंद असतो. रुळावर स्क्रूड्रायव्हर पडला की लख्ख पेटतो आणि करंट एका अँपिअरच्या आत धरून ठेवतो. जपानहून काटोचाच कंट्रोलर मागवला असेल तर अडॅप्टरवरचा इनपुट आधी वाचावा. नुसते 100 व्होल्ट लिहिले असतील तर तो आपल्या 230 च्या सॉकेटला लावायचा नाही.

इंजिन म्हणून हीच पॉकेट लाइन चासी घ्यावी. ती या वळणांहून लहान वळणांवरही चालते. वरचं खोकं आपण करायचं: 300 जीएसएमचं आयव्हरी कार्ड कापून जोडायचं, मग कडांवर पातळ फेविक्विक मुरवायचं. कार्ड प्लास्टिकसारखं टणक होतं आणि पॉलिश पेपरने घासता येतं. फेविक्विकची वाफ चासीच्या चाकांवर बसते, म्हणून हे काम चासी बाहेर काढूनच करावं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइटला सगळ्या गाड्यांसाठी पाच टनांचा एकसारखा आसभार धरला होता. रूळ हलका ठेवून माल जास्त नेण्याची ती युक्ती होती. मॉडेललाही हाच नियम लावावा. 80 मिमीच्या वॅगनचं वजन साधारण 28 ग्रॅम भरलं पाहिजे. कार्डची वॅगन दहा ग्रॅमचीही होत नाही. आत तळाशी लोखंडी वॉशर चिकटवून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक वॅगन सारखी करावी. हलकी वॅगन मध्ये आणि जड शेवटी असेल, तर वळणावर हलकी आत ओढली जाऊन पडते.

सजावटीला बाहेरचं काहीच विकत घ्यावं लागत नाही, पण इथे एक धोका आहे. क्रशरवरची बारीक कच चहाच्या गाळणीतून गाळली की सुंदर खडी मिळते आणि स्लीपरचा दाटपणाही तिच्यात झाकला जातो. पण दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं. ते कण मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि गिअरमध्ये जातात. म्हणून चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कचेतून फिरवावं, पिशवी उलटी करून कण झटकावेत, आणि पिशवी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहावं. काळी माती पसरायचा मोह होतो, कारण बार्शी-लातूरचा रंग तोच. ती जाड थराने लावली तर सुकताना भेगाळते आणि खडीला सोबत उचलते. रंगवलेल्या पृष्ठभागावर नुसती भुरभुरावी. जमिनीला चढ देण्यापेक्षा थर्माकोल कापून रुळाखाली ओढा काढावा. इतक्या लहान लंबगोलात वर चढायला लांबीच नाही. थर्माकोलवर स्प्रे रंग मारू नये, विरघळतो.

खडी चिकटवायला एक भाग फेविकॉल, तीन-चार भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. आधी साध्या पाण्याचा बारीक फवारा, मग ड्रॉपरने हे मिश्रण. पॉइंटच्या पात्यांपासून चार सेंटिमीटरच्या आत ओलं काही नेऊ नये, तिथे खडी नुसती रंगाने भासवावी. युनिजॉइनरच्या जागीही हात आखडता ठेवावा, नाहीतर पुढे तुकडा काढताना रूळ उपटून येतो. आणि यातलं काही करायच्या आधी, उघड्या प्लायवर दोन्ही दिशांनी, सगळ्या वॅगन जोडून, गाडी ढकलत आणि ओढत तासभर चालवून पाहावी. पहिल्याच संध्याकाळी खडी घातली तर चुकलेला सांधा कायमचा खाली गाडला जातो.